१.१ व्होल्टची रॅम: खरी मारामारी सेन्स ॲम्पच्या जोडीत

वर्डलाइन

"नवा लॅपटॉप कोणता घ्यावा" या धाग्यावर एकांनी लिहिलं होतं की डीडीआर५ रॅम १.१ व्होल्टवर चालते, ट्रान्झिस्टर लहान केले की व्होल्टेज आपोआप खाली येतं, त्यात विशेष ते काय. तिथे उत्तर दिलं असतं तर बिचाऱ्या लॅपटॉपवाल्याचा धागा भरकटला असता. म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

व्होल्टेज आपोआप खाली येत नाही. ते ओढून आणावं लागतं, आणि दर खेपेला मेमरीतलं काहीतरी कुरकुरायला लागतं.

आधी थोडी उजळणी. डीरॅम म्हणजे आपली नेहमीची रॅम. तिचा एक सेल (एका बिटाची जागा) म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना हे १९६६ मध्ये सुचलं, १९६८ मध्ये पेटंट मिळालं, आणि मूळ रचना आजही तीच आहे. कपॅसिटरमध्ये चार्ज असला तर १, नसला तर ०. ट्रान्झिस्टरचं गेट ज्या आडव्या तारेला लागतं ती वर्डलाइन, चार्ज ज्या उभ्या तारेवर बाहेर येतो ती बिटलाइन. सत्तरच्या दशकातल्या १६ किलोबिटच्या ४११६ चिपला +१२, +५ आणि −५ असे तीन पुरवठे लागायचे. ६४ किलोबिटच्या पिढीत एकट्या ५ व्होल्टवर भागलं. मग एसडीरॅमला ३.३, डीडीआरला २.५, डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२ आणि आता १.१. पायऱ्या बघा. २.५ वरून १.८ ला येताना ०.७ उतरलो, १.२ वरून १.१ ला येताना जेमतेम ०.१.

का अडलं ते आकड्यांतच बघू. हे आकडे कुठल्याही एका कंपनीच्या चिपचे नाहीत, प्रमाण कळावं म्हणून घेतलेले गोल आकडे आहेत.

सेलचा कपॅसिटर १० फेमटोफॅरड. बिटलाइनची स्वतःची कपॅसिटन्स ४० फेमटोफॅरड. आतल्या ॲरेचं (सेलच्या जाळीचं) व्होल्टेज १ व्होल्ट. वाचण्याआधी बिटलाइन बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ०.५ व्होल्टवर आणून ठेवतात, हा प्रीचार्ज. सेल उघडला की त्यातला चार्ज बिटलाइनशी वाटला जातो: ०.५ गुणिले १० भागिले ५०. आले १०० मिलिव्होल्ट. पण हा झाला नुकताच लिहिलेला सेल. सेल गळतो. पुढचा रिफ्रेश (सेल वाचून पुन्हा भरणं) ६४ मिलिसेकंदांनी असेल तर तोवर १ व्होल्टचे ०.८ उरले असं धरा. आता सिग्नल उरला ६० मिलिव्होल्ट.

हे ६० मिलिव्होल्ट ओळखून त्यांचा पूर्ण १ करायचं काम सेन्स ॲम्पचं. दोन इन्व्हर्टर (१ चा ० आणि ० चा १ करणारी सर्किट), एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. एका बाजूला वाचायची बिटलाइन, दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी शेजारच्या ॲरेमधली न उघडलेली बिटलाइन. ज्या बाजूला केसभर जास्त ती बाजू वर जाते, दुसरी खाली. अट एकच, दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे पाहिजेत. आणि ते कधीच सारखे नसतात. चॅनेलमध्ये (ट्रान्झिस्टरमधल्या करंटच्या वाटेत) डोपंटचे (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचे) अणू कमीजास्त पडतात, कड खडबडीत निघते. पेलग्रॉम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याचा नियम मांडला: जोडीच्या थ्रेशोल्ड व्होल्टेजमधला (गेटच्या ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होतो त्यातला) फरक ट्रान्झिस्टरच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. गुणांक २ मिलिव्होल्ट-मायक्रॉन धरला आणि ट्रान्झिस्टर ०.५ बाय ०.०५ मायक्रॉनचा घेतला, तर या फरकाचा सिग्मा (प्रमाण विचलन) निघतो १२.६ मिलिव्होल्ट.

६० च्या समोर १२.६? ऐसपैस मार्जिन आहे असं वाटेल. आता चिपमध्ये असे ॲम्प किती ते मोजा. १६ गिगाबिटची चिप, प्रत्येक ॲम्पच्या दोन्ही बाजूंना ५१२-५१२ सेल. ॲम्प झाले १ कोटी ६७ लाख. एवढ्या गर्दीत ज्यांचा ऑफसेट (जोडीतला हाच फरक) ६० च्या पलीकडे गेलाय असे तीस-चाळीस निघतातच. ठीक आहे, राखीव कॉलम ठेवलेले असतात, फ्यूज उडवून खराब कॉलमच्या जागी ते लावता येतात. पण ॲरेचं व्होल्टेज १ वरून ०.९ करा आणि गळती तेवढीच ठेवा. सिग्नल ५० मिलिव्होल्टवर येतो आणि नापास ॲम्प होतात तेराशेच्या आसपास. तीस-चाळीसवरून तेराशे, फक्त ०.१ व्होल्टने.

ट्रान्झिस्टर लहान करून हे सुटत नाही, उलट चिघळतं, कारण क्षेत्रफळ कमी झालं की सिग्मा वाढतो. कमी व्होल्टेजच्या दाट मेमरीत सेलच्या आधी ही जोडी दगा देते, असं माझं ठाम मत आहे. प्रोसेसवाले (कारखान्यात चिप घडवणारे) मित्र येऊन भांडतील, त्यांचं स्वागत.

तिरकस_तात्या

चहा संपला, गणित संपलं नाही! पण समजलं. थोडक्यात वाण्याच्या तराजूला पासंग आहे, आणि माल तोळाभर असल्यामुळे तो पासंगच जड झालाय. बरोबर?

आता एक बाळबोध प्रश्न. सिग्नल कमी पडतोय ना, मग बिटलाइनला सेल कमी लावा. ५१२ च्या जागी २५६. तार आखूड, कपॅसिटन्स निम्मी. एवढं साधं यांना सुचत नाही?

वर्डलाइन

तात्या, पासंग अगदी बरोबर.

प्रश्न बाळबोध नाही, डिझाइनच्या बैठकीत दर पिढीला हाच निघतो. बिटलाइन निम्मी केली की कपॅसिटन्स साधारण २० होते आणि १ चा सिग्नल ६० वरून १०० मिलिव्होल्टवर जातो. पण ॲम्प दुप्पट झाले. सेन्स ॲम्पचे पट्टे आधीच चिपची बरीच जागा खातात, आणि त्या जागेत एकही बिट साठत नाही. मेमरी बिटांच्या भावाने विकली जाते. जागा पाच टक्क्यांनी वाढली तरी वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) चिप तितक्या कमी बसतात. मालकाला हे सांगायला जाणारा माणूस तुम्हीच शोधा.

उलट इतिहास दाटीच्या बाजूने गेलाय. हिताचीच्या कियो इतो यांनी सत्तरच्या दशकात घडीची बिटलाइन आणली: तुलनेची तार त्याच ॲरेमध्ये शेजारी, त्यामुळे बाहेरून येणारा नॉइज दोघींवर सारखाच आणि वजाबाकीत निघून जातो. सर्किटवाल्यासाठी स्वर्ग. पण त्यात सेलला ८एफ² जागा लागते. (एफ म्हणजे त्या प्रोसेसमधली लहानात लहान रेघ.) जागा ६एफ² वर आणण्यासाठी उद्योग पुन्हा उघड्या बिटलाइनकडे गेला, म्हणजे तुलनेची तार दुसऱ्याच ॲरेमध्ये. दाटी मिळाली, नॉइजची ढाल गेली. आणि नेमकं याच काळात व्होल्टेज उतरत होतं.

सांजवात

वाचतेय. मी कॉमर्सवाली, तरी बरंचसं पोचलं. एक शंका. ट्रान्झिस्टर बंद केला म्हणजे बंद ना? मग सेल गळतो कुठून?

वर्डलाइन

पूर्ण बंद असा ट्रान्झिस्टर नसतो. नळ कितीही घट्ट... नको, तात्यांनी एक उपमा दिलीय तेवढी पुरे. सरळ आकडे देतो.

१० फेमटोफॅरडमधून ६४ मिलिसेकंदांत ०.२ व्होल्ट जायचे असतील तर गळतीचा करंट हवा ३१ फेमटोॲम्पियर. इलेक्ट्रॉन मोजले तर साडेबारा हजार. त्याऐवजी १ पिकोॲम्पियर गळाला तर तेवढाच चार्ज २ मिलिसेकंदांत खलास. थ्रेशोल्ड व्होल्टेज ८०-१०० मिलिव्होल्टनी कमी केलं की गळती दहापट होते. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड कमी करून व्होल्टेज उतरवता येतं, तिथे थोडी गळती खपते. सेलच्या ट्रान्झिस्टरला ती मुभाच नाही, त्याचं थ्रेशोल्ड चढंच ठेवावं लागतं.

आणि इथूनच पुढची भानगड. एनमॉसमधून (सेलचा ट्रान्झिस्टर या जातीचा असतो) पूर्ण १ व्होल्ट कपॅसिटरपर्यंत पोचवायचा तर गेटला १ अधिक थ्रेशोल्ड, वर थोडी सवड, एवढं द्यावं लागतं. म्हणून वर्डलाइनचा पुरवठा वेगळा असतो. डीडीआर३मध्ये तो चिप स्वतःच चार्ज पंपाने (व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटने) १.५ पासून वर चढवायची. डीडीआर४मध्ये मानकातच २.५ व्होल्टची वेगळी पिन आली. डीडीआर५मध्ये ती १.८ ची आहे. स्टिकरवर १.२ किंवा १.१ लिहितात, या पिनेबद्दल कुणी बोलत नाही.

वेगळी पिन का? पंपाचं गणित बघा. १.२ वर एका टप्प्याचा पंप आदर्श परिस्थितीतसुद्धा २.४ च देतो, २.५ ला कमी पडतो. म्हणजे दोन टप्पे. दोन टप्प्यांचा पंप वर्डलाइनला एक इलेक्ट्रॉन देताना पुरवठ्यातून किमान तीन ओढतो. व्होल्टेज उतरवून वीज वाचवायला निघालो आणि पंपातच घालवली, असं होतं. त्यापेक्षा बाहेरून द्या.

हिरोशिमाकर

स्वागताबद्दल आभार, भांडायला आलोय. प्रोसेसमध्ये आहे, आयडीवरून गाव कळेलच.

सर्किटवाल्यांचं नेहमीचं आहे. "१० फेमटोफॅरड धरा" म्हणायचं आणि पुढे जायचं. ते १० कुठून येतात? कित्येक पिढ्या सगळ्यांनी २५-३० फेमटोफॅरड टिकवून धरले होते. सेलची जागा कमी होत गेली तसा कपॅसिटर सपाटीवरून खड्ड्यात गेला, मग उंच मनोरा झाला. आज त्या नळकांड्याची उंची रुंदीच्या चाळीसपट आणि वर आहे. शेजारी शेजारी अब्जावधी उभे. ओल्या रसायनातून काढून सुकवताना पृष्ठताणाने दोन मनोरे एकमेकांकडे झुकले आणि चिकटले की दोन्ही बिट गेले. ते झुकू नयेत म्हणून मध्ये नायट्राइडची जाळी घालावी लागते.

मग म्हणाल, डायइलेक्ट्रिक (कपॅसिटरच्या दोन टोकांमधला इन्सुलेटर) चांगलं वापरा. वापरतोच. झिर्कोनियम ऑक्साइडच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर. यापेक्षा जास्त परमिटिव्हिटीची (तेवढ्याच जागेत जास्त चार्ज धरणारी) मटेरियल आहेत, टायटॅनियम ऑक्साइड आहे, पण बहुतेक वेळा परमिटिव्हिटी वाढली की बँडगॅप (इलेक्ट्रॉनला अडवणारी भिंत) कमी होतो आणि गळती वाढते. तुमच्या ३१ फेमटोॲम्पियरमध्ये तीही मोजा.

मला १५ फेमटोफॅरड देता आले तर तुमची जोडी कितीही वाकडी असू दे, चालेल. तेव्हा आधी दगा कोण देतं याचं उत्तर कपॅसिटर हेच आहे.

वर्डलाइन

हिरोशिमाकर, १५ दिलेत तर मी गणेशोत्सवात तुमच्या नावाने मोदक वाटेन. पण देत नाही आहात ना! दर पिढीला कमीच देता. म्हणूनच बोजा आमच्यावर येतो.

गंमत बाजूला. तुमच्या १५ ने सिग्नल वाढतो, मान्य. पण वेगाचं काय? बिटलाइन ०.५ व्होल्टवर बसलेली, म्हणजे सेन्सिंग सुरू होताना ॲम्पच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला मिळतात जेमतेम ०.५, जवळजवळ थ्रेशोल्डएवढेच. तो धड चालूही होत नाही. १५ काय, २० फेमटोफॅरड दिलेत तरी हा भाग तसाच राहतो. म्हणून ओव्हरड्राइव्ह करतात: सुरुवातीचे काही नॅनोसेकंद ॲम्पला वरचं व्होल्टेज द्यायचं, मग ॲरेच्या व्होल्टेजवर सोडायचं. वेळ चुकली तर बिटलाइन हव्या त्यापेक्षा वर जाते आणि पुढचा प्रीचार्ज बिघडतो.

गेमिंगवाल्यांसाठी याचा पुरावा त्यांच्याच पाकिटावर छापलेला आहे. डीडीआर३-१६०० ची ११-११-११ (टायमिंग, क्लॉकच्या ठोक्यांत) घ्या: ११ गुणिले १.२५ नॅनोसेकंद, १३.७५. डीडीआर४-३२०० ची २२-२२-२२ घ्या: २२ गुणिले ०.६२५, पुन्हा १३.७५. डेटाचा वेग दुप्पट झाला. सेल उघडून ॲम्पने निकाल देईपर्यंतचा वेळ होता तिथेच आहे.

तिरकस_तात्या

आँ? म्हणजे "दुप्पट वेगवान" म्हणून मुलाने माझ्याकडून पैसे उकळले ते?

वर्डलाइन

एकदा सुरू झाल्यावर डेटा दुप्पट वेगाने येतो, तेवढं खरं आहे. पोराला ओरडू नका.

पासंगावरचा उपाय लिहायचा राहिला. अलीकडच्या डिझाइनमध्ये ऑफसेट कॅन्सलेशन असतं. सेल उघडण्याआधी ॲम्पचे ट्रान्झिस्टर क्षणभर डायोडसारखे जोडायचे. ज्याचं थ्रेशोल्ड जास्त त्याच्या बाजूची बिटलाइन आपोआप तेवढी सरकून बसते. मग सेल उघडायचा. फरक आधीच वळता झालेला असतो. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक ॲम्पमध्ये जादा स्विच आणि त्यांच्या जादा कंट्रोल तारा, तेही बिटलाइनच्या अंतरात बसवून. आणि प्रत्येक वाचनात काही नॅनोसेकंद. तरी आज याच्याशिवाय चालत नाही, आणि नेमक्या याच कारणाने मी जोडीकडे बोट दाखवतो.

निवृत्त_टेस्टर

दोघांचं भांडण छान रंगलंय. मी आयुष्यभर तुम्हा दोघांचं पाप तपासत बसलो, त्यामुळे दोन शब्द.

सरासरी सेल कुणालाच त्रास देत नाही. बहुतेक सेल ६४ मिलिसेकंद काय, सेकंदभरसुद्धा चार्ज धरतात. त्रास देते ती शेपटी. आणि शेपटीतलेही जे कायमचे कमजोर असतात ते परवडले, गरम करून एकदा तपासले की सापडतात आणि राखीव ओळीवर टाकता येतात. खरे छळवादी म्हणजे मूड बदलणारे. ऑक्साइडजवळ कुठेतरी एक ट्रॅप (इलेक्ट्रॉन अडकवणारा दोष) असतो. तो रिकामा असला की गळती कमी, भरला की जास्त. सेल आज अर्धा सेकंद टिकतो, उद्या ५० मिलिसेकंद, परवा पुन्हा अर्धा सेकंद. टेस्टरवर आला तेव्हा शहाणा होता, म्हणून पास. १९८७ सालापासून हे छापून आलेलं आहे, अजून कुणी संपवलेलं नाही. पॅकेजिंगच्या वेळी भट्टीतून जाताना काही सेल नव्याने असे होतात, म्हणजे वेफरवर केलेली तपासणी पाण्यात. व्होल्टेज उतरलं की मार्जिन कमी होतं आणि पूर्वी ज्याचा मूड कळलाही नसता असा सेल यादीत येतो.

रच्याकने, "चार्ज कमी पडला" हे प्रकरण १९७८ मध्ये एकदा गाजलं होतं. इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवलं की सिरॅमिक पॅकेजमधल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. चिपमध्ये दोष शोधून माणसं थकली होती आणि दोष होता डब्यात. त्यानंतर पॅकेजचा माल निवडून घ्यायला लागले, आणि सेलमध्ये अमुक एक चार्ज असलाच पाहिजे हा दंडकही पक्का झाला. २५-३० फेमटोफॅरड इतकी वर्षं का टिकवले त्याचं एक कारण हे.

सांजवात

मूड बदलणारे सेल! आमच्या ऑफिसात बरेच आहेत.

पण मग हे सेल असलेली रॅम आपल्याला विकतात?

निवृत्त_टेस्टर

विकतात, आणि त्यात लबाडी नाही. डीडीआर५मध्ये चिपच्या आतच ईसीसी (चुकलेला बिट दुरुस्त करणारा कोड) आहे. १२८ बिटांमागे ८ जादा बिट, त्यांतला कुठलाही एक बिट चुकला तर चिप स्वतः दुरुस्त करून देते. तुमच्या प्रोसेसरला पत्ताही लागत नाही.

हिरोशिमाकर

मला मात्र हे खटकतं. सव्वासहा टक्के जादा सेल द्यायचे, ते कशासाठी? आम्ही घातलेल्या खड्ड्यांवर पांघरूण. ग्राहकाला वाटतं सर्व्हरवाल्या ईसीसीसारखी सुरक्षा मिळाली. तसं नाही. मॉड्यूलपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारेवर चूक झाली तर ही ईसीसी काही करत नाही. आणि एका गटात दोन बिट चुकले तर तिची खात्री नाही, कधी तिसराच चांगला बिट उलटवून देते.

वर्डलाइन

पांघरूण म्हणा, पण या पांघरुणाशिवाय १.१ व्होल्ट जमले नसते. सहा टक्के जागेत तुरळक कमजोर सेलचा प्रश्न सुटतो. तेच काम राखीव ओळींनी करायचं तर एका सेलसाठी अख्खी ओळ खर्ची पडते. शिवाय मूड बदलणाऱ्या सेलवर राखीव ओळ लावणार कशी, तो तपासणीत दिसतच नाही. ग्राहकाला नीट सांगत नाहीत ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे.

गोंयकार_बाब

उशिरा आलो. सुरक्षेच्या कामात आहे, म्हणून रो-हॅमरचं नाव कोण काढतो याची वाट बघत होतो.

एकाच ओळीची वर्डलाइन पुन्हा पुन्हा उघडझाप केली की शेजारच्या ओळींतले सेल जरा जास्त गळतात. रिफ्रेश यायच्या आत पुरेशा वेळा केलं तर शेजारचा बिट उलटतो, त्याला हात न लावता. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन आणि इंटेलच्या संशोधकांनी डीडीआर३ची १२९ मॉड्यूल तपासली, ११० मध्ये हे घडलं. कमीत कमी १,३९,००० वेळा ओळ उघडावी लागली होती. पुढच्याच वर्षी गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने याच्या जोरावर साध्या प्रोग्रामला कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे) अधिकार मिळवून दाखवले. २०२० च्या तपासणीत एलपीडीडीआर४च्या (मोबाइलमधल्या रॅमच्या) काही चिपमध्ये दोन बाजूंच्या ओळी प्रत्येकी ४,८०० वेळा उघडणं पुरलं.

१,३९,००० वरून ४,८००, सहा वर्षांत. हे तुमचं दाटीचं बिल. ओळी जवळ आल्या आणि सेलमधला चार्ज कमी झाला. आमच्या धंद्यात याला "हार्डवेअरची मर्यादा" म्हणत सॉफ्टवेअरवाल्यांच्या गळ्यात मारतात.

वर्डलाइन

अगदी. आणि यावरचा उपायही जागा मागतो. कुठली ओळ किती वेळा उघडली हे मोजायचं तर मोजणी ठेवायची कुठे? एप्रिल २०२४ मध्ये डीडीआर५च्या मानकात जी भर पडली त्यात प्रत्येक ओळीसाठी वेगळी मोजणी आहे आणि ती त्याच ओळीच्या सेलमध्ये साठवतात. म्हणजे ओळ उघडली की मोजणी वाचा, एक मिळवा, परत लिहा, मग बंद करा. त्यामुळे ओळ बंद करायला लागणारा वेळ वाढतो. ज्या सेलवर विश्वास नाही त्यांच्याच शेजारी पहारेकरी बसवायचा आणि त्याची वहीसुद्धा तशाच सेलमध्ये ठेवायची.

एसरॅमवाली

तुमची १.१ व्होल्टची रड वाचून हसू आलं. आम्ही एसरॅमवाले, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कॅश मेमरीवाले, १ व्होल्टच्या खाली कधीच गेलो.

आमच्या सहा ट्रान्झिस्टरच्या सेलमध्ये कपॅसिटर नाही, रिफ्रेश नाही, पण जोडीचं दुखणं प्रत्येक सेलमध्ये आहे. तुमच्याकडे हजार सेलमागे एक जोडी, आमच्याकडे सेल म्हणजेच जोडी. वाचताना सेल उलटू नये म्हणून आत शिरायचा ट्रान्झिस्टर कमजोर हवा, लिहिताना सेल उलटावा म्हणून तोच दणकट हवा. व्होल्टेज भरपूर असलं की दोन्ही जमतं. ०.६-०.७ ला आलं की एक जमवताना दुसरं हुकतं. मग लिहिताना बिटलाइन शून्याच्याही खाली ओढा, वाचताना वर्डलाइन थोडी कमी चढवा, असे टेकू लावतो. नाहीतर वाचायला वेगळे दोन ट्रान्झिस्टर देऊन आठांचा सेल करायचा आणि जागेवर पाणी सोडायचं.

तैवानच्या टीएसएमसीचा ५ नॅनोमीटरचा एसरॅम सेल ०.०२१ चौरस मायक्रॉन, आणि ३ नॅनोमीटरच्या एन३ई मध्येही ०.०२१. लॉजिक आकसलं, आम्ही जागच्या जागी. तुमचा डीरॅम सेल याच्या साधारण दहाव्या हिश्शात बसतो, तेव्हा फार रडू नका.

वर्डलाइन

साष्टांग नमस्कार. तुमच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

तिरकस_तात्या

अवांतर: गुजरातेत साणंदला मायक्रॉन (मेमरी बनवणारी अमेरिकन कंपनी) आलीय म्हणतात. मग ही जोडी आता भारतात कोरणार का?

हिरोशिमाकर

नाही तात्या. साणंदला जुळणी, पॅकेजिंग आणि तपासणी. वेफर बाहेरून येणार. कोरीव काम आमच्याकडे आणि तैवानात वगैरे. पण निवृत्त काकांनी सांगितलेलं मूडवाल्या सेलचं प्रकरण पॅकेजिंगनंतरच उघड्यावर येतं, तेव्हा डोकेदुखीचा मोठा वाटा साणंदला मिळेल.

टीई_इलेक्ट्रॉनिक्स

सर, मी तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी सेन्स ॲम्प ईसिममध्ये (सर्किट सिम्युलेटर) केला. सेलचे ३० फेमटोफॅरड, बिटलाइनचे १५०. सेल ०.२ व्होल्टपर्यंत गळवला तरी प्रत्येक वेळी बरोबरच वाचतोय. पुरवठा १.८ आहे, प्रीचार्ज ०.९. ऑफसेटचा त्रास मला दिसतच नाही. काय चुकतंय?

वर्डलाइन

सर नको, इथे सगळे आयडीच. आयआयटी मुंबईचं ईसिम वापरतोयस हे छान.

दोन गोष्टी. पहिली, तुझे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच मॉडेलचे, म्हणजे तंतोतंत जुळे. ऑफसेट येणार कुठून? एका एनमॉसच्या गेटला सिरीजमध्ये ३० मिलिव्होल्टचा डीसी सोर्स टाक, आधी एका दिशेने, मग उलट. तेच ६०, ९० ला करून बघ.

दुसरी, १ साठवलेला सेल ०.२ पर्यंत गळाला तर तो प्रीचार्जच्या ०.९ च्याही खाली गेला. त्याने ० वाचलं पाहिजे. तुला १ येत असेल तर सेल वाचलाच जात नाहीये, ॲम्प आधीची अवस्था धरून बसलाय. प्रीचार्जनंतर दोन्ही बिटलाइन खरंच सारख्या होतात का ते झूम करून बघ. बहुधा इक्वलायझरचा (दोन्ही बिटलाइन सारख्या करणाऱ्या स्विचचा) पल्स आखूड आहे.

टीई_इलेक्ट्रॉनिक्स

झूम केलं. प्रीचार्ज संपताना दोन बिटलाइनमध्ये ११० मिलिव्होल्टचा फरक उरत होता. पल्स २ नॅनोसेकंदांचा होता, ६ केला, आता फरक १ च्या आत. ०.२ चा सेल आता ० वाचतो.

मग सेल १.२ ला ठेवून ऑफसेट घातला. ३० ला बरोबर, फक्त निकाल यायला वेळ लागतो. ६० ला उलटा वाचतो. हाताने काढलं तर सिग्नल ५० मिलिव्होल्ट येतो, ०.३ गुणिले ३० भागिले १८०. म्हणजे ऑफसेट सिग्नलच्या वर गेला की उलटं, असंच ना? पण ४५ ला सुद्धा उलटा वाचतोय, तो तर ५० च्या आत आहे.

एसरॅमवाली

सेल पूर्ण उघडायच्या आत ॲम्प चालू करतोयस. चार्ज वाटून व्हायला वेळ लागतो, तोवर बिटलाइनवर ५० आलेलेच नसतात. सेन्स इनेबल (ॲम्प चालू करणारा सिग्नल) दोन-तीन नॅनोसेकंद पुढे ढकल. आणि वर्डलाइनला १.८ च देतोयस का? मग सेलचा ट्रान्झिस्टर नीट उघडतच नसेल. तिला २.८ दे, आणि १ लिहिताना सेलमध्ये खरोखर किती व्होल्ट जातात ते दोन्ही वेळा मोजून इथे टाक.